फुटलेला तारा आणि शिक्क्याचं वजन

वाणी नवा तराजू आणतो तेव्हा आधी काय तोलतो? सरकारी शिक्क्याचं किलोचं वजन. काटा बरोबर आला, की मग तांदूळ-साखर. अवकाशातही हेच चालतं.

पुणे-मिरजेकडून बंगळुरूला जाणाऱ्या काही गाड्या यशवंतपूरला थांबतात. तिथून जवळच सदाशिवनगरात सर सी. व्ही. रामन यांनी उभारलेली रामन संशोधन संस्था आहे. १ जानेवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या 'एक्सपोसॅट' उपग्रहावरचं 'पोलिक्स' हे यंत्र या संस्थेनं बनवलं. सोबतचं 'एक्सस्पेक्ट' बनलं बंगळुरूतच, इस्रोच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात. दोन्हींचं काम क्ष-किरण टिपण्याचं. हे किरण आपलं वातावरण अडवतं (आपल्या तब्येतीसाठी ते बरंच आहे!), म्हणून यंत्रं सुमारे ६५० किलोमीटर वर न्यावी लागली.

५ जानेवारीला एक्सस्पेक्टनं पहिल्यांदा पाहिलं ते कुणी न पाहिलेलं काही नव्हे, तर शास्त्रज्ञांच्या चांगल्या ओळखीचं 'कॅसिओपिया ए'. शर्मिष्ठा तारकासमूहात, सुमारे ११ हजार प्रकाशवर्षांवर, फुटलेल्या एका ताऱ्याचे हे अवशेष. स्फोटाचा प्रकाश इथे पोहोचून साधारण साडेतीनशे वर्षं झाली, पण उडालेला मालमसाला अजून सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं पसरतोय. वाटेतल्या वायूवर तो आदळतो आणि सगळं कोट्यवधी अंशांपर्यंत तापतं. लोखंड तापलं की लाल दिसतं. इतका तापलेला वायू क्ष-किरणांत चमकतो.

त्यातही प्रत्येक मूलद्रव्याची ऊर्जा ठरलेली. त्यामुळे एक्सस्पेक्टनं फोटो नाही, एक आलेख पाठवला. चढउतारांची रेघ, मध्येमध्ये उंचवटे. मॅग्नेशियम, सिलिकॉन, गंधक, अरगॉन, कॅल्शियम, लोह. उंचवटे जिथे असायला हवेत तिथेच होते, म्हणजे काटा बरोबर! मला विचाराल तर रंगीत चित्रांपेक्षा ही साधी रेघ जास्त भारी आहे. आपल्या हाडांतलं कॅल्शियम, रक्तातलं लोह हे पृथ्वी जन्मण्याआधीच्या ताऱ्यांमध्ये आणि अशाच स्फोटांत घडलं. इथे ते घडल्यानंतर पसरताना दिसतं.

त्यानंतर, १५ ते १८ जानेवारीला, पोलिक्सनंही ओळखीचंच ठिकाण निवडलं: वृषभ राशीतला क्रॅब तेजोमेघ. हा तारा फुटलेला चिनी निरीक्षकांनी १०५४ साली पाहून लिहून ठेवला होता. त्याच्या मधोमध उरलेला गोळा आजही सेकंदाला तीस गिरक्या घेतो. क्ष-किरणांच्या लहरी कोणत्या दिशेनं डोलतात, हे पोलिक्स मोजतं. त्यावरून तिथलं चुंबकीय क्षेत्र कसं आहे, याचा माग लागतो.

डिसेंबरात संध्याकाळी उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. इंग्रजी एम अक्षरासारखे पाच तारे दिसतील, ती शर्मिष्ठा. तो अवशेष नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. मुलांना जागा तेवढी दाखवा.