विश्लेषण : ‘जुळले’ म्हणजे ‘बरोबर’ का? सॉफ्टवेअर तपासणीतील ‘गोल्डन फाइल’ काय असते?

मोबाइलमधले अ‍ॅप अद्ययावत झाले, की काल नीट दिसणारे बिल आज बिघडू नये, ही वापरणाऱ्याची साधी अपेक्षा असते. त्यासाठी सॉफ्टवेअर बनवणारे एक जुनी पद्धत वापरतात. आधीचे उत्तर फाइलमध्ये जपून ठेवायचे आणि नवे उत्तर त्याच्याशी ताडून पाहायचे. पद्धत स्वस्त आणि उपयोगी आहे. मात्र ‘जुळले’ याचा अर्थ ‘बरोबर’ असा घेतला, की तीच पद्धत चूक जपून ठेवू लागते.

पद्धत नेमकी कशी चालते?

प्रोग्रामला ठरावीक माहिती द्यायची, त्यातून आलेला मजकूर, तक्ता किंवा चित्र साठवायचे. हीच संदर्भ फाइल, म्हणजे ‘गोल्डन फाइल’. पुढे प्रोग्राममध्ये बदल झाला की तीच माहिती पुन्हा द्यायची आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवायची. काही वेगळे आढळले तर चाचणी नापास. फरक शोधण्यासाठी अनेकदा ‘डिफ’ हा प्रोग्राम वापरला जातो. तो १९७०च्या दशकात अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये युनिक्ससाठी तयार झाला आणि आजही वापरात आहे.

‘पोस्टग्रेस’ हा मुक्त डेटाबेस याचे ठळक उदाहरण. त्याच्या चाचण्यांमध्ये प्रश्न एका फोल्डरमध्ये, अपेक्षित उत्तरे ‘एक्स्पेक्टेड’ नावाच्या फोल्डरमध्ये आणि ताजी उत्तरे ‘रिझल्ट्स’मध्ये असतात. जुळले नाही ते सारे एका वेगळ्या फाइलमध्ये नोंदले जाते. वेबसाइट आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांमध्ये हीच कल्पना ‘स्नॅपशॉट टेस्टिंग’ या नावाने पोहोचली. फेसबुकच्या ‘जेस्ट’ या साधनात ही सोय २०१६ मध्ये आली.

मग अडचण कुठे आहे?

अडचण संदर्भ फाइलच्या जन्मातच आहे. ती बहुतेक वेळा कोणी हाताने हिशेब करून लिहिलेली नसते, प्रोग्रामनेच दिलेले उत्तर असते. आदर्श उत्तरपत्रिका म्हणून गेल्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याचा पेपर ठेवावा, तसे हे आहे. त्याचे चुकलेले गणितही मग आदर्श ठरते.

समजा, बिलात तीन वस्तू आहेत आणि प्रत्येकीवरचा कर १० रुपये ४० पैसे आहे. नियमाप्रमाणे आधी बेरीज करून मग पूर्ण रुपये धरायचे, म्हणजे ३१ रुपये २० पैशांचे ३१ रुपये. प्रोग्राम मात्र प्रत्येक वस्तूचे पैसे आधीच सोडून देतो आणि ३० रुपये दाखवतो. संदर्भ फाइलमध्येही ३०च जपलेले असतात, त्यामुळे चाचणी रोज पास होते. एके दिवशी एखादी नवी प्रोग्रामर हिशेब दुरुस्त करते आणि चाचणी नापास होते. घाईत असलेला सहकारी तिला सांगतो, ‘तुझ्या बदलाने बिघडले, मागे घे.’ चूक दुरुस्त करणारीच दोषी ठरते.

जुन्या प्रोग्रामसाठी हेच मुद्दाम केले जाते का?

होय, आणि तिथे ते योग्यही आहे. मायकल फेदर्स यांनी २००४ च्या ‘वर्किंग इफेक्टिव्हली विथ लेगसी कोड’ या पुस्तकात अशा चाचण्यांची मांडणी केली. मूळ लेखक सोडून गेले, कागदपत्रे नाहीत, तरी प्रोग्राम रोज चालतो आहे. अशा वेळी आधी तो आज काय करतो याची नोंद घ्यायची, मग हात लावायचा. मात्र ही नोंद ‘आज काय होते’ हे सांगते, ‘काय व्हायला हवे’ हे नाही. हा फरक विसरला, की पंचनाम्यालाच निकालपत्र समजले जाते.

‘अपडेट’च्या सवयीचा धोका काय?

‘जेस्ट’मध्ये एका छोट्या आज्ञेने नापास झालेले सगळे स्नॅपशॉट नव्या उत्तरांनी बदलता येतात. मुद्दाम केलेल्या बदलानंतर ही सोय हवीच. पण फाइल हजार ओळींची असेल, त्यात आजची तारीख किंवा वेळ छापली जात असेल, तर चाचणी विनाकारण नापास होत राहते. रोज खोटी हाक देणाऱ्या राखणदाराकडे कोणी लक्ष देत नाही. मग फरक न वाचताच ‘अपडेट’ केले जाते आणि खरी चूक त्या गर्दीतून आत शिरते.

मराठी वाचकाचा याच्याशी काय संबंध?

अँड्रॉइड फोनवर, तसेच क्रोम आणि फायरफॉक्समध्ये देवनागरी अक्षरे जोडण्याचे काम ‘हार्फबझ’ हे मुक्त सॉफ्टवेअर करते. कोणत्या अक्षरांपासून कोणता आकार यायला हवा, याची अपेक्षित उत्तरे त्याच्या चाचण्यांमध्ये साठवलेली असतात. आता ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ हे शब्द पाहा. पहिला स्वयंपाक करणाऱ्याला, दुसरा गुरूला. फरक फक्त ‘र’ कसा जोडला याचा. मराठी न वाचणाऱ्या प्रोग्रामरला ही रेषेची किरकोळ हालचाल वाटू शकते, मराठी वाचकाला अर्थच बदललेला दिसतो. संगणक फरक दाखवू शकतो. तो चूक आहे की सुधारणा, हे भाषा जाणणाऱ्यानेच सांगायला हवे.

उपाय काय?

पद्धत टाकून देण्याची गरज नाही, शिस्त हवी. संदर्भ फाइल पहिल्यांदा साठवताना विषय जाणणाऱ्या व्यक्तीने ती ओळीने वाचावी. बिल असेल तर हिशेबनिसाने, मराठी मजकूर असेल तर मराठी वाचणाऱ्याने. फाइल छोटी ठेवावी. तारीख, वेळ यांसारख्या बदलत्या गोष्टींच्या जागी ठरावीक खूण घालावी. फाइल बदलताना कारण लिहावे आणि दुसऱ्या व्यक्तीने ते तपासावे. पैशांचा हिशेब असेल तिथे नियमावरून वेगळे गणित करून उत्तर ताडावे, केवळ जुन्या उत्तरावर विसंबू नये.

यात वेळ जातो, हे खरे. मात्र तो वाचवला, तर चुकीचे बिल हातात पडलेल्या ग्राहकाला पुढे रांगेत उभे राहावे लागते. त्याला उत्तर मिळते, ‘सिस्टीममध्ये असेच आहे.’ सिस्टीममध्ये असेच का आहे, हे कोणी तरी एकदा वाचून पाहिले होते का, एवढाच प्रश्न मग उरतो.