जुनी डिझेल जीप : डागडुजी आधीं, फेरफार नंतर

शेतकऱ्याच्या अवजारांत नांगर, कुळव, पाभर यांची जशी गणना होते, तशीच गेल्या दोन-तीन पिढ्यांत जीप गाडीचीही होऊं लागली आहे. मावळांतील खाचरांच्या बांधांवरून, कोंकणांतील जांभ्याच्या वाटांवरून आणि देशावरील काळ्या जमिनींतून भर पावसाळ्यांत जाण्यास इतर मोटारी जेथें कचरतात, तेथें चारही चाकांना जोर पोंचणारी ही गाडी खत, बियाणें, दुधाचे कॅन आणि प्रसंगीं घरचें आजारी माणूस वाहून नेते. यांपैकीं पुष्कळ गाड्या आतां तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांचें पुढें काय करावें, हा प्रश्न अलीकडे निकडीचा झाला आहे. एकीकडे नोंदणी नवी करून घेण्याची फी वाढली आहे. दुसरीकडे अशी गाडी उंच करून, तिला दांडगीं चाकें लावून मिरविण्याची हौस तरुण मंडळींत बळावली आहे. या दोहोंमध्यें गाडीचें खरें पोषण मात्र मागें पडत चाललें आहे. आमचें मत थोडक्यांत असें कीं, जुन्या जीपवरील पहिला रुपया तेल, गाळणी आणि ब्रेक यांवर खर्च व्हावा. जो फेरफार कामाच्या उपयोगी व कायद्यास मान्य असेल तेवढाच करावा. आणि राहिलेला पैसा घरांत ठेवावा.

ही गाडी मूळची आपली नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, अमेरिकेंतील विलीज व फोर्ड या कारखान्यांनीं अशा सहा लाखांहून अधिक गाड्या लष्कराकरितां तयार केल्या. युद्ध संपतांच १९४५ सालीं विलीज कंपनीनें शेतकऱ्यांसाठीं मुलकी जीप बाजारांत आणली. इंग्लंडांत रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स हे आपल्या अँगलसी बेटावरील शेतांत युद्धांतील उरलेली जीप वापरीत. तीवरूनच सुचलेली लँड रोव्हर १९४८ सालीं लोकांपुढें आली. आपल्याकडे १९४९ सालीं परदेशांतून सुटे भाग आणवून मुंबईंत महिंद्र कंपनीनें जीपची जोडणी सुरू केली. आरंभीचीं इंजिनें पेट्रोलचीं होतीं. पुढें डिझेलचा काळ आला, आणि १९८० नंतरच्या दशकांत प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या बनावटीचें २११२ घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिन या गाड्यांत रूढ झालें. जुन्या पेट्रोल गाड्यांतही अनेकांनीं डिझेल इंजिन बसवून घेतलें. म्हणजे सांगाडा अमेरिकन, इंजिन फ्रेंच आणि मिस्त्री आपल्या तालुक्याचा, असा हा संसार आहे. असा संसार चालवावयाचा तर मालकाला गाडीच्या अंतरंगाची थोडी तरी ओळख पाहिजे.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा वीसपटीहून अधिक दाबली जाते, त्या दाबानें ती तापते, आणि त्या तापल्या हवेंत पंपानें फवारलेलें तेल पेट घेतें. हा पंप आणि त्याचीं नोझलें यांतील फटी इतक्या सूक्ष्म असतात कीं केसाची जाडी त्यांपुढें दोरखंडासारखी वाटावी. शिवाय या भागांना वंगण मिळतें तें डिझेलचेंच. म्हणून डिझेलमधील पाणी आणि धूळ हे या इंजिनाचे दोन वैरी होत. अर्धी रिकामी टाकी रात्रभर थंडींत उभी राहिली कीं तिच्या आंतल्या अंगास दंव धरतें व पाणी तळाशीं बसतें. घरीं पिंपांत साठविलेल्या डिझेलांत तर तें असतेंच. यास्तव काम संपतांच संध्याकाळीं टाकी भरून ठेवावी, गाळणीच्या भांड्यांत सांचलेलें पाणी आठवड्यांतून एकदां सोडावें, आणि गाळणी वेळच्या वेळीं बदलावी. पंपाच्या दुरुस्तीस जो खर्च येतो, त्यांत कित्येक वर्षांच्या गाळण्या येतील. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलांत गंधकाचें प्रमाण दहा लक्ष भागांत फार तर १० भाग इतकें उतरविलें आहे. गंधक काढतांना तेलाचा स्वाभाविक स्निग्धपणा कमी होतो, पण तो भरून काढणारें द्रव्य त्यांत घातलेलें असतें. म्हणून जुन्या पंपास तें चालत नाहीं अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. रॉकेल मिसळणें मात्र घातक होय. त्यानें पंपाचें वंगणच पातळ होतें.

हवेच्या गाळणीकडे तर आपलें फारच दुर्लक्ष असतें. मळणीच्या दिवसांत व उन्हाळी वाटांवर उडणारा फुफाटा इंजिनांत शिरला तर तो सिलिंडर कानशीप्रमाणें घासून काढतो. जुन्या गाड्यांना तेलाच्या वाटीची गाळणी असते. धुळीच्या कामांत ती वाटी रोज पाहावी व चिखल सांचतांच धुवून नवें तेल घालावें. आजार ओळखण्यास धुराचा रंग बरा उपयोगी पडतो. काळा धूर म्हणजे तेल अधिक किंवा हवा कमी. निळा म्हणजे वंगणाचें तेल जळतें आहे. आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर नोझल बिघडलें आहे किंवा आंत पाणी शिरतें आहे, असें समजावें. पुष्कळ ठिकाणीं जोर कमी वाटला कीं मिस्त्री पंप वाढवून देतो. गाडी चार दिवस चढावर जोमानें ओढते, पण गाळणी चोंदल्यामुळें जोर गेला असेल तर हें म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असें होतें. काळा धूर, तापलेलें इंजिन आणि अखेर फुटलेलें हेडचें गॅस्केट, ही त्याची फळें होत. इंजिन गरम होतें म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीतही तशीच. त्यानें इंजिन नेहमीं थंड राहून अधिक झिजतें, आणि मूळचा दोष, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, जेथल्या तेथें राहतो.

आतां चार चाकांच्या जोराविषयीं. जुन्या जीपमध्यें पुढचा व मागचा आंस जोडला कीं ते एकाच गतीनें फिरतात. परंतु वळण घेतांना पुढचीं चाकें मागच्यांहून अधिक अंतर कापतात. चिखलांत हा फरक चाकें घसरून भरून निघतो. डांबरी रस्त्यावर तो निघण्यास वाव नसतो, व सर्व ताण दांत्यांवर आणि क्रॉसवर येतो. म्हणून चिखल संपतांच पुढचा आंस सोडावा. ट्रान्सफर पेटींतील हलका गिअर चाकांचा जोर वाढवितो. रुतलेल्या गाडीस तो वरदान आहे, पण त्याच्या जोडीला एकदम क्लच सोडला तर आंसाचा दांडाही मोडूं शकतो.

ओढा ओलांडतांना आंसाच्या पेटींत पाणी कसें शिरतें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. धांवून तापलेली पेटी थंड पाण्यांत बुडाली कीं आंतली हवा आकुंचन पावते आणि सीलांच्या कडेनें पाणी आंत ओढलें जातें. पुढें तेल दुधासारखें दिसूं लागतें, तें त्यामुळेंच. पेटीच्या श्वासाच्या छिद्रास रबरी नळी जोडून तिचें तोंड बॉनेटखालीं उंच बांधावें. थोडक्या पैशांत होणारा यासारखा उपयुक्त फेरफार दुसरा नाहीं. पाण्यांतून आल्यावर आंस, गिअर व ट्रान्सफर या पेट्यांतील तेल पाहावें, क्रॉसमध्यें नवें ग्रीस भरावें, आणि चार पावलें हळू जाऊन ब्रेक दाबीत ड्रम वाळवावे. गिअरच्या पेटीस भलतें तेल घालूं नये. आंसाकरितां असलेल्या जी. एल. ५ जातीच्या तेलांतील कांहीं द्रव्यें जुन्या गिअरपेटींतील पितळी कड्यांस बाधतात, तेथें जी. एल. ४ जातीचें तेल घालावें. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, म्हणून तें दोन वर्षांनीं बदलणें जरूर आहे. हा खर्च अगदीं थोडा असतो; पण घाटाच्या उतारावर त्याच तेलावर आपला व मागें बसलेल्यांचा जीव असतो.

येथें फेरफाराच्या हौसेचा विचार करूं. मोठा टायर लावला कीं गाडी ऐटबाज दिसते, हें खरें. पण चाकाचा घेर वाढल्यानें इंजिनाचा जोर व ब्रेकची पकड, दोन्ही कमी पडतात. आंसाचे दांडे व बेअरिंग यांवर भार वाढतो. आणि वेगाचा कांटा खऱ्याहून कमी वेग दाखवूं लागतो. मूळचे टायर अरुंद होते, आणि तेही उपयोगाचे. अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीस लागतो. पाटे उंच केल्यानें प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो व गाडीचा तोल वर जातो. मूळ विलीजच्या दोन आंसांमधील अंतर अवघें ८० इंच. एवढी आंखूड गाडी उंच केली तर बांधावर कलंडण्यास वेळ लागत नाहीं. पेट्रोल गाडींत डिझेल इंजिन बसवितांना तर अधिकच सावधगिरी हवी. नवें इंजिन जड असल्यास पुढचे पाटे बसतात व स्टीअरिंग जड होतें. शिवाय पेट्रोल इंजिनाच्या ओढीवर चालणारा ब्रेकचा बूस्टर डिझेलवर आपोआप चालत नाहीं. त्यास निराळा व्हॅक्यूम पंप लागतो. इंजिन जोरदार, पण ब्रेक जुनाच, अशी गाडी रस्त्यावर आणणें हा अविचार होय. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, एवढ्यावर हें भागत नाहीं. येथें मसालाच जिवावर बेततो.

कायद्याचें म्हणणें तर स्पष्ट आहे. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, उत्पादकानें ठरविलेल्या मूळ स्वरूपांत बदल करून वाहन वापरतां येणार नाहीं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें इंजिन बदलावयाचें तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते व त्याची नोंद आर. सी. पुस्तकांत व्हावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनें बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागें ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. नोंद नसलेलें इंजिन म्हणजे अपघाताच्या वेळीं विमा कंपनीच्या हातीं दिलेलें कोलीतच. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानें म्हणून आधीं पुस्तकांतील इंजिनाचा नंबर आणि गाडीवरील नंबर जुळतो कीं नाहीं हें पाहावें, आणि मगच किंमत बोलावी.

तथापि सरकारच्या धोरणाविषयींही आम्हांस एक शब्द बोलणें भाग आहे. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढील मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणास ५,००० रुपये, आणि आयात केलेल्या मोटारीस ४०,००० रुपये फी बसली. ऑगस्ट २०२५ च्या नियमानें वीस वर्षांपुढील मोटारीस १०,००० व आयात केलेल्या चारचाकीस ८०,००० रुपये झाली. जुनीं धुरकट वाहनें रस्त्यावरून जावींत, हा हेतु योग्य आहे. शहरांतील हवेचा प्रश्न आम्ही हलका मानीत नाहीं. परंतु वर्षाकांठीं थोडेच मैल, तेही शेतवाटांनीं, चालणाऱ्या आणि धुराच्या व ब्रेकच्या तपासणींत उतरणाऱ्या गाडीस केवळ वयावरून भारी फी भरावी लागणें न्याय्य वाटत नाहीं. बैलाची पारख दांत पाहून होते, तशी ती चाल पाहूनही होते. मात्र ही मागणी करण्याचा अधिकार आपल्या गाड्या तपासणींत खऱ्या उतरल्या तरच आपणांस प्राप्त होईल. मागें काळ्या धुराचा लोट सोडीत सवलत मागण्यास जाणें शोभणार नाहीं.

कोणी म्हणेल, एवढी यातायात करण्यापेक्षां नवी गाडी कां घेऊं नये? ज्यास परवडते व ज्याची वाट चांगली आहे, त्यानें जरूर घ्यावी. ज्या गाडीची चासी गंजून पोखरली आहे, तिच्यावर पैसे ओतीत बसूं नये. कोंकणच्या खाऱ्या दमट हवेंत ही तपासणी प्रथम व्हावी. पण चासी शाबूत, इंजिन निरोगी आणि सुटे भाग मिळतात, अशी गाडी मोडींत घालणें म्हणजे चालता बैल बाजार दाखविणें होय.

अखेर आमची सूचना अशी. संघाच्या सभासदांनीं दरसाल मे महिन्यांत, मृगापूर्वीं, आपल्या गाड्या एके ठिकाणीं आणून जाणत्या मिस्त्रीकडून ब्रेक, स्टीअरिंग, पाटे व तेलें तपासून घ्यावींत. गाळण्या, पट्टे, क्रॉस आणि सील यांचा साठा संघानें एकत्र घेऊन ठेवावा. प्रत्येक गाडीची एक वही असावी, तींत तेल कधीं बदललें व कोणता भाग घातला, हें तारखेसह लिहिलें जावें. आणि सर्वांत महत्त्वाचें, जुन्या मिस्त्रींच्या हाताखालीं गांवचे दोन होतकरू तरुण शिकण्यास ठेवावे. कारण हे मिस्त्री वृद्ध होत चालले आहेत, व त्यांच्याबरोबर ही विद्याही जाईल. खंडेनवमीस आपण गाडीला झेंडूचा हार घालून तिची पूजा करतों, ती रीत चांगलीच आहे; परंतु वर्षभर तिचें तेल न पाहतां एक दिवस घातलेला हार तिला घाटांत तारणार नाहीं. गोठ्यांतल्या जनावराची नजर ठेवून जशी निगा राखतों, तशीच दारांतल्या या लोखंडी जनावराची राखावी, एवढीच आमची शेतकरी बंधूंस विनंती आहे.