नुसत्या औषधाने मूल बरे होत नाही

दम्याने बेजार झालेले मूल इस्पितळातून बरे होऊन जाते आणि ओल धरलेल्या, बुरशीने काळवंडलेल्या त्याच खोलीत परतून पुन्हा आजारी पडते. येथे डॉक्टरचे औषध चुकले काय? मुळीच नाही. चुकले ते घर! हे ओळखूनच अमेरिकेतील बोस्टनच्या सार्वजनिक इस्पितळात बालरोगतज्ज्ञ डॉ. बॅरी झुकरमन यांनी १९९३ साली चक्क वकिलाची मदत घेतली. डॉक्टरच्या विनंतीला दाद न देणाऱ्या घरमालकाला कायद्याची भाषा समजते, हे त्यामागील साधे तर्कशास्त्र!

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली आपल्या सभासदांना असा सल्ला दिला की, मुलाला तपासताना कुटुंबाच्या मूलभूत गरजांचीही चौकशी करावी. सल्ला उत्तम आहे. परंतु पुढे काय? घरात अन्न नाही हे मातेकडून वदवून घ्यावयाचे आणि तिच्या हाती टॉनिकची चिठ्ठी ठेवावयाची, ही चौकशी नव्हे, क्रूर थट्टा होय.

आपल्याकडील पोषण पुनर्वसन केंद्रांसाठी २०११ साली केंद्र सरकारने ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत मातेच्या बुडालेल्या मजुरीच्या भरपाईची तरतूद आहे. रोज बुडाला तर ती मुलापाशी राहणार कशी? हीच दृष्टी शहरांतील प्रत्येक सार्वजनिक इस्पितळात आली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रश्न डॉक्टरने अवश्य विचारावा. पण त्याचे उत्तर देऊ शकणारा समाजसेवक, वकील आणि शिधापत्रिकेचा अधिकारी त्याच्या पाठीशी उभा करणे, हे शासनाचेच कर्तव्य आहे.