दौलताबादचा हौद विसरून कसे चालेल?

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादकडे पर्यटकांच्या गाड्या धावू लागतात. सकाळी दौलताबादचा किल्ला, दुपारी वेरूळची लेणी, शेजारीच घृष्णेश्वराचे मंदिर, दुसऱ्या दिवशी अजिंठा आणि वेळ उरलाच तर कन्नडजवळचे गौताळा अभयारण्य, असा हा ठरलेला कार्यक्रम असतो. आता आपल्या समाजातील नोकरदार कुटुंबेही मुलाबाळांसह या सहलीला निघतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु याच वाटेने आपल्याआधी कोण गेले होते आणि त्यांच्या वाट्याला काय आले, हे आपण मुलांना सांगतो काय?

१९३४ साली बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघाले. तेव्हा औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्याचे ठरले. प्रवासाने सर्वांची अंगे धुळीने माखली होती. दरवाजाबाहेरच्या पाण्याने भरलेल्या हौदावर काही जणांनी हातपाय धुतले. एवढ्यावरून 'ढेडांनी हौद बाटवला' अशी आरोळी उठली आणि शिव्या देत जमाव गोळा झाला. अखेर किल्ल्यात जाण्याची परवानगी मिळाली, पण आतल्या पाण्याला कोठेही हात लावायचा नाही, या अटीवर. आणि ती अट मोडली जाऊ नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला! लंडन आणि न्यूयॉर्क येथून सर्वोच्च पदव्या मिळवलेला, गोलमेज परिषद गाजवलेला हा महापुरुष स्वतःच्या देशातला किल्ला पाहायला गेला, तो पहाऱ्याखाली.

ही घटना बाबासाहेबांनी आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे. हौदावरचा जमाव मुस्लिम होता. आज काही मंडळी ही घटना केवळ एका समाजाविरुद्ध विष पेरण्यासाठी वापरतात. त्यांना विचारले पाहिजे की त्याच आठवणींतील बाकीची पाने तुम्ही का गाळता? गोरेगावच्या वाटेवर लहान भीमरावाला गाडीत बसवण्यास नकार देणारे गाडीवाले कोण होते? चाळीसगावला १९२९ साली टांगा हाकण्यास नकार देणारे कोण होते? बडोद्यात लाठ्या घेऊन आलेला जमाव पारशी होता. या आठवणींचा निष्कर्ष स्पष्ट आहे. अस्पृश्यतेचा रोग हिंदू समाजव्यवस्थेत जन्मला आणि त्याने इतर धर्मीयांनाही ग्रासले. म्हणून लढा व्यवस्थेशी आहे, कोणा एका जमातीशी नाही.

या व्यवस्थेला उत्तर दिले ते संविधानाने. कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. राज्यघटनेसारख्या दस्तऐवजात विहिरी-तलावांची नावे घेण्याची गरज या देशाला पडली, याचा अर्थ महाड आणि दौलताबाद ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. आज तिकीट काढून आपण किल्ल्यात शिरतो. ते तिकीट काही रुपयांचे असेल, पण त्यामागची खरी किंमत आपल्या आजा-पणज्यांनी मोजलेली आहे.

आता वेरूळला जाऊ. येथील ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध लेणी आहेत. त्यांतील पाचव्या क्रमांकाचे भव्य लेणे पुरातत्त्वाच्या जुन्या ग्रंथांत 'महारवाडा' या नावाने नोंदले गेले आहे. त्या बाजूच्या लेण्यांना 'ढेडवाडा' म्हटले जाई. जो शब्द हौदावर शिवी म्हणून फेकला गेला, तोच शब्द भिक्खूंच्या विहारांनाही चिकटवलेला होता! दहावे लेणे हे चैत्यगृह. आत साक्षात बुद्धमूर्ती आहे. तरी त्याचे लोकप्रिय नाव 'विश्वकर्मा' किंवा 'सुताराचे झोपडे'. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना तर आजही सर्रास पांडवलेणी म्हणतात. नाव बदलले की मालकी बदलते आणि मालकी बदलली की इतिहास बदलतो. बहुसंख्य पर्यटक कैलास लेणे पाहून परततात. आपले लोकही त्यांच्यामागून परतणार असतील, तर दोष कोणाला द्यायचा?

गौताळ्याच्या डोंगरातील पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वीची आहेत. तेथील शिलालेखांत दान देणारे कोण आहेत? पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, राजवैद्याचे कुटुंब. आणि तेथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरलेले आहे. बौद्ध धम्माने कारागिराला आपले नाव दगडावर लिहिण्याचा मान दिला, हे मुलांना तेथे उभे करून दाखवण्यासारखे आहे.

गौताळ्याला अभयारण्याचा दर्जा १९८६ मध्ये मिळाला. जंगल आणि वन्यप्राणी वाचलेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण जंगलाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांचे काय? २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना हक्क दिला. मात्र दलित आणि भटक्या-विमुक्तांसारख्या 'अन्य पारंपरिक वननिवासीं'वर तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा देण्याची अट घातली. ज्यांच्या बापजाद्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांनी ७५ वर्षांचे कागद कोठून आणायचे? अभयारण्य पाहायला जाणाऱ्या सुशिक्षितांनी त्या पायथ्याच्या वस्तीतही डोकवावे आणि दावा भरायला मदत करावी.

औरंगाबादेत बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय सुरू केले. त्याला नाव दिले मिलिंद, परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू! आपली सहलही अशीच प्रश्न विचारणारी हवी. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे पाहून बेत आखावा. पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, तेव्हा वस्तीतील गरीब मुलेही सोबत न्यावीत. निघण्याआधी बुद्धविहारात एक संध्याकाळ त्या स्थळाचे वाचन व्हावे. पदवीधर तरुणांनी पाली आणि ब्राह्मी लिपी शिकून मार्गदर्शकाचा परवाना मिळवावा. आपला इतिहास दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची पाळी मग येणार नाही. आणि दौलताबादच्या दरवाजापाशी १९३४ ची हकिगत सांगणारा ठळक फलक मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजीत असावा, ही मागणी आंबेडकरी संघटनांनी गट-तट विसरून लावून धरावी.

देवगिरीचे यादव, तुघलक आणि निजाम यांची नावे त्या किल्ल्यात प्रत्येकाला सांगितली जातात. हौदावर हातपाय धुणाऱ्या त्या तीस माणसांची आठवण ठेवणे हे मात्र आपले काम आहे. ते आपण केले नाही, तर दुसरे कोणीही करणार नाही.