मुलीसारखी फेक

'हातात बांगड्या भरल्यात का रे?' चेंडू नीट फेकता न येणाऱ्या मुलाला आपल्या मैदानांवर हे अजूनही ऐकवलं जातं. 'मुलीसारखं काय फेकतोस!' हे त्याचंच जरा सभ्य रूप. अपमान मुलाचा, पण कमीपणाचं माप मुलीचं. त्याच मैदानाच्या कोपऱ्यात सराव करणाऱ्या मुलीही ते ऐकत असतात आणि त्यातून घ्यायचा तो धडा घेतात.

एका तालुक्याच्या गावी मी गेली सोळा वर्षं मुलामुलींना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवते आहे. या काळात माझं एक मत पक्कं होत गेलं. 'मुलीसारखी फेक' अशी निसर्गाने दिलेली काही गोष्ट नाही. असते ती फक्त न शिकवलेली फेक. आणि ती मुलींना न शिकवणं हा केवळ खेळाचा प्रश्न नाही, तो आपल्या चळवळीचाही प्रश्न आहे.

आधी फेक म्हणजे काय ते पाहू. उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलीने डावा खांदा समोर करून आडवं उभं राहायचं. डावा पाय पुढे टाकायचा. मग कंबर वळते, कंबरेमागून खांदा, खांद्यामागून कोपर आणि सगळ्यात शेवटी मनगट. जोर नुसत्या दंडातून येत नाही, तो पायाखालच्या जमिनीतून वर चढत येतो. माझ्याकडे नवीन आलेल्या बहुतेक मुली मात्र तोंड समोर करून उभ्या राहतात. पाय जवळजवळ, कोपर अंगाला चिकटलेलं, आणि नुसत्या हाताने चेंडू ढकलायचा. अंग जागचं हलतच नाही. जणू आपल्या भोवती कुणीतरी खडूने गोल आखला आहे आणि त्याच्या बाहेर जायचं नाही!

हा गोल कुणी आखला? अमेरिकेतल्या स्त्रीवादी विचारवंत आयरिस मॅरियन यंग यांनी १९८० साली नेमक्या याच प्रश्नावर एक निबंध लिहिला. मुलींची फेक वेगळी असते, याचं कारण त्यांच्या जन्मजात घडणीत शोधणाऱ्या एका तत्त्वज्ञाचं म्हणणं घेऊन त्यांनी ते खोडून काढलं. मुलीला आपलं शरीर सांभाळून ठेवायची, झाकायची, जपायची वस्तू म्हणून वापरायला शिकवलं जातं, म्हणून ती अवकाश व्यापत नाही, असं त्यांचं सांगणं. आपल्याला हे समजायला अमेरिकेत जायला नको. 'पाय जवळ घेऊन बस', 'हात पसरून चालू नकोस', 'ओढणी सावर' हे ऐकतच आपण वाढलो. कैऱ्या पाडायला दगड मुलगे मारतात, पडलेल्या वेचायला मुली असतात. दहा वर्षांचा होईपर्यंत मुलग्याने हजारो दगड भिरकावलेले असतात. मुलीने किती?

आता उलटं उदाहरण. ज्यांच्या घरी ज्वारीची राखण असते आणि ज्यांनी मचाणावर उभं राहून गोफण चालवली आहे, अशा मुली माझ्याकडे येतात तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांची कंबर वळते. त्यांना फार काही सांगावं लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी मुलामुलींच्या फेकीचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. मुलगे आणि मुली यांच्या वेगातलं अंतर तिथे अमेरिकी मुलांपेक्षा कमी दिसलं. वयात आल्यावर मुलग्यांच्या खांद्यात ताकद जास्त येते, हे मी नाकारत नाही. त्याने वेगात फरक पडेल. पण पाय कुठला टाकायचा आणि कोपर कुठे ठेवायचं हे काही हार्मोन ठरवत नाहीत. खात्री करायची असेल तर उजव्या हाताच्या कुठल्याही मुलग्याला डाव्या हाताने फेकायला सांगा. तो लगेच 'मुलीसारखी' फेक करतो. डाव्या हाताला सराव नाही, एवढंच त्याचं कारण!

म्हणून सराव. पहिल्या आठवड्यात मी मुलींना उजवा गुडघा जमिनीवर टेकवून, डावा पाय पुढे रोवून बसवते. सहा-सात पावलांवर जोडीदारीण. पाय अडकलेले, त्यामुळे खांदे वळवल्याशिवाय चेंडू पोचतच नाही. दुसऱ्या आठवड्यात उभं राहून, आडव्या पवित्र्यातून. तिसऱ्या आठवड्यात पाऊल टाकून. मग रोज दोन पावलं अंतर वाढवायचं. झेल शिकवताना आधी मोज्यात चिंध्या भरून केलेला चेंडू, मग टेनिसचा, मग खरा. तोंडावर लागेल या भीतीने मान फिरवणाऱ्या मुलीला 'घाबरट' म्हणून काही होत नाही. मऊ चेंडूने भीती जाते, शब्दांनी वाढते. छातीच्या वरचा चेंडू असेल तर बोटं वर, कंबरेच्या खालचा असेल तर बोटं खाली, एवढा एक नियम आधी अंगवळणी पडू द्यायचा. फलंदाजीसाठी महागडा स्टँड लागत नाही. बांबूच्या खुंटाला सायकलची जुनी ट्यूब बसवली की त्यावर चेंडू राहतो.

पण सगळ्यात कठीण सराव फेकीचा नाही, आवाजाचा आहे. चेंडू उंच उडाला आणि तिघी त्याच्याखाली धावल्या, की जिला तो घ्यायचा आहे तिने 'माझा! माझा!' म्हणून ओरडायचं असतं. ओरडली नाही तर दोघी एकमेकींवर आदळतात, नाहीतर चेंडू मधोमध पडतो. मुलींच्या संघात तो मधोमधच पडतो. मी पाहिलं आहे, चेंडूच्या अगदी खाली उभी असलेली मुलगी शेजारणीला म्हणते, 'तू घे.' ताटातली शेवटची पोळी दुसऱ्याला द्यायची सवय इथेही येते! म्हणून मी चेंडूशिवायच ओरडण्याचा सराव घेते. मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला ऐकू गेलं पाहिजे. पहिले चार दिवस त्या एकमेकींकडे बघून हसतात. मग कुणीतरी पोटातून ओरडते. 'माझं' हा शब्द सगळ्यांसमोर मोठ्याने उच्चारायची वेळ तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आलेली असते.

दुसरी कठीण गोष्ट पडण्याची. बेसवर घसरत जाणं हे खेळातलं कौशल्य आहे. मी ताडपत्री अंथरते, तिच्यावर साबणाचं पाणी ओतते आणि एक पाय दुसऱ्याखाली दुमडून, कुल्ल्यावर भार देत घसरायला शिकवते. मुलग्यांना ती मजा वाटते. मुली आधी कपड्यांकडे बघतात. अमेरिकेत १९४३ ते १९५४ या काळात मुलींची व्यावसायिक बेसबॉल लीग चालली, तेव्हा खेळाडूंना स्कर्ट घालून खेळायला लावलं होतं. सुरुवातीला नटण्याचे आणि रीतिभातीचे वर्गही घेतले जात. त्या स्कर्टमध्ये घसरून मांड्या सोलून निघायच्या. खेळा, पण बाई दिसत राहा, ही अट जुनीच आहे. माझ्याकडे नियम साधा आहे : फुल ट्रॅक पँट, ओढणी नाही. यावर दोन घरांतून मुली बंद झाल्या. एका घरी मी चार वेळा गेले. मुलीची आई म्हणाली, 'मॅडम, मला चालतंय हो, पण लोक मला विचारतात.' ती मुलगी परत आली नाही. तिची फेक संघात सगळ्यात लांब जायची.

'हा खेळ मुलींना झेपत नाही' हे वाक्य जिथे हा खेळ वाढला त्या अमेरिकेतही अधिकृतपणे सांगितलं गेलं होतं. 'लिटल लीग' ही तिथली लहान मुलांच्या बेसबॉलची मोठी संघटना. १९७२ साली न्यू जर्सीतल्या होबोकेन गावच्या मारिया पेपे या बारा वर्षांच्या मुलीने तीन सामने खेळले, आणि ती मुलगी आहे म्हणून तिला संघातून काढायला लावलं गेलं. तिथल्या राष्ट्रीय महिला संघटनेने तिच्या वतीने दाद मागितली. सुनावणीत संघटनेच्या वतीने सांगण्यात आलं, की मुलींची हाडं कमजोर असतात आणि त्यांना चटकन हालचाल जमत नाही. हे म्हणणं टिकलं नाही. १९७३ मध्ये निकाल मारियाच्या बाजूने लागला आणि १९७४ मध्ये लिटल लीगला मुलींना प्रवेश द्यावा लागला. तोवर मारिया चौदा वर्षांची झाली होती, म्हणजे तिचं वय उलटून गेलं होतं. लढा तिने दिला, खेळल्या दुसऱ्या. हे आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे.

पण त्याच वर्षी लिटल लीगने मुलींसाठी सॉफ्टबॉलचा वेगळा विभागही काढला, आणि दार उघडूनही बहुतेक मुली तिकडेच वळवल्या गेल्या. ऑलिंपिकमध्येही हीच वाटणी : बेसबॉल पुरुषांचा, सॉफ्टबॉल बायकांचा. माझ्या भागातही तेच होतं. 'मुलींना सॉफ्टबॉल द्या, हलका खेळ आहे.' हलका? बेसबॉलचा चेंडू साधारण १४२ ते १४९ ग्रॅम भरतो. नेहमीचा सॉफ्टबॉल १७८ ते १९८ ग्रॅम, आणि घेरानेही मोठा. लहान हाताला मोठा, जड चेंडू देऊन त्याला हलका खेळ म्हणायचं! शिवाय पिचर खालून टाकते खरी, पण बाकीच्या आठ जणींना हात वरूनच फिरवावा लागतो. मी सॉफ्टबॉलवर प्रेम करते, महाराष्ट्रातल्या कितीतरी मुली त्या खेळाने पुढे आल्या आहेत. माझा विरोध 'तुझ्यासाठी हेच' या वाक्याला आहे. २०१६ साली दक्षिण कोरियात महिलांच्या बेसबॉल विश्वचषकात भारताचा संघ उतरला होता. २००८ पासून २०२४ पर्यंत प्रत्येक विश्वचषक जपानच्या बायकांनी जिंकला. झेपतं की नाही याचं उत्तर मैदानावर केव्हाच मिळालं आहे.

'पण मुलींच्या शरीराची काळजी?' असं विचारणारे मला भेटतात. काळजी जरूर घ्या, पण ती मुलग्यांचीही घ्या. वाढत्या वयात कोपराची आणि खांद्याची हाडं कच्ची असतात. म्हणून लिटल लीगने पिचरच्या फेकींवर मर्यादा घातली आहे. नऊ-दहा वर्षांच्यांना दिवसाला ७५, अकरा-बारा वर्षांच्यांना ८५, आणि त्यानंतर विश्रांतीचे दिवस. ही मर्यादा वयावर आहे, मुलगा की मुलगी यावर नाही. काळजी अशी असावी. जी काळजी फक्त मुलीला घरी बसवते, तिला बंधन म्हणतात.

एक बोलायला अवघड गोष्टही बोलली पाहिजे. पवित्रा शिकवताना प्रशिक्षकाला खेळाडूच्या शरीराबद्दल बोलावं लागतं, कधी हात लावावा लागतो. त्याच आडोशाने काय काय चालतं, हे २०२३ साली दिल्लीत जंतरमंतरवर बसलेल्या महिला कुस्तीगिरांनी साऱ्या देशाला सांगितलं. माझी पद्धत अशी : आधी करून दाखवायचं, मग जोडीदारणीला दाखवायला सांगायचं, मग कोपर किती वर हवं ते काठी आडवी धरून दाखवायचं. हात लावायचाच असेल तर आधी विचारायचं, सगळ्यांसमोर, आणि 'नको' म्हणाली तर नको. मुलींना मी हेही शिकवते, की 'नको' म्हणणं हा सरावाचाच भाग आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडासंस्था आणि स्टेडियम यांनाही कामाची जागा मानलं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. आपल्या तालुक्यातल्या क्रीडासंकुलात तक्रार समिती आहे का, हे आपल्यापैकी किती गटांनी जाऊन विचारलं आहे?

मला माहीत आहे, आपल्या गटांपुढे हिंसाचाराच्या केसेस आहेत, रेशन आहे, मजुरी आहे, पाणी आहे. त्यात बेसबॉल कुठून आणला, असं काही जणी म्हणतील. माझं उत्तर असं, की स्वतःच्या शरीरावरचा हक्क आपण भाषणात सांगतो, शिबिरात सांगतो. पण तो हक्क अंगात उतरवायची जागा कुठली? पंधराव्या वर्षी पाय रोवून उभी राहिलेली, 'माझा' म्हणून ओरडलेली, पडून उठलेली मुलगी पुढे नवऱ्याच्या घरी मार खाणारच नाही, असा दावा मी करत नाही. पण आपल्या शरीरात जोर आहे हे तिला माहीत असतं, आणि ही माहिती कुणी तिच्याकडून काढून घेऊ शकत नाही. शिवाय रोकडी बाजूही आहे. दहावीला क्रीडागुण आहेत, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ते मिळवायला आधी मैदान मिळावं लागतं.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. दहा वर्षांपर्यंत मुलगे आणि मुली एकत्र, एकच सराव. मैदानाची वेळ निम्मी-निम्मी, आणि मुलींची पाळी अंधार पडायच्या आधीची. ग्लोव्ह आणि बॅट मुलग्यांचं झाल्यावर उरलेली नव्हे, मुलींच्या नावाने वेगळी. मैदानाजवळ पाणी असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह. महिला प्रशिक्षक आणि तक्रार समिती.

आणि मैत्रिणींनो, एक विनंती आपल्या स्वतःसाठी. पुढच्या शिबिरात चर्चासत्रांमधला एक तास मैदानावर काढा. चिंध्यांचे चेंडू करा, समोरासमोर उभ्या राहा, डावा पाय पुढे टाका आणि फेका. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांनाही येतं, मी शिकवलं आहे. मग गावी परत गेल्यावर शाळेच्या पी. टी.च्या सरांना विचारायला जाल, तेव्हा नेमकं काय मागायचं ते तुम्हाला ठाऊक असेल.