थंडी विकत घेणारे फूल

लग्नाच्या व्यासपीठावर किंवा लोणावळ्याच्या बंगल्यातील दिवाणखान्यात भर मे महिन्यातही पांढरी-गुलाबी लिली दिमाखाने उभी असते. तिच्या एका दांड्याचा भाव ऐकला की व्यापारी घरातील माणूस सहज विचारतो, ‘एवढे महाग का?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर या फुलाच्या हिवाळ्यात दडलेले आहे.

लिलियम ही मुळात उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांची वनस्पती. जपान, चीन, युरोप व उत्तर अमेरिका येथे तिच्या अनेक जाती रानात उगवतात. भारतात ती हिमालयात आढळते, तशी दक्षिणेत निलगिरी व पळणीच्या उंच डोंगरांतही आढळते. हिवाळ्यात जमीन गोठली की ही वनस्पती मातीखाली कंदाच्या रूपाने निजून राहते. या निद्रेत तिची पुढची तयारी चालू असते. सलग काही आठवडे थंडी मिळाल्यावाचून कंदाला दांडा उंच करण्याची व कळ्या धरण्याची चालना नीट मिळत नाही. उत्तरेकडील माळी ज्या हिवाळ्याला भितो, त्याच हिवाळ्यावर हे फूल पोसलेले असते.

मावळात असा हिवाळा नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. पौषातल्या रात्री तेथे गारठतात, पण जमीन गोठत नाही. येथील कठोर ऋतू म्हणजे पावसाळा. घाटमाथ्यावर चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. भाताला मानवणारी मावळची चिकण जमीन पाणी धरून ठेवते आणि कंद साचलेल्या पाण्यात कुजतो. म्हणून येथे लिली लावणाऱ्याला दोन गोष्टी विकत घ्याव्या लागतात : थंडी आणि छप्पर.

थंडी कंदाबरोबरच येते. व्यापारी लागवडीचे कंद मुख्यतः नेदरलँड्समधून आणले जातात. ओलसर पीटमध्ये भरून ते शून्याखाली एक-दोन अंशांवर शीतगृहात ठेवतात, त्यामुळे वर्षातील कोणत्याही महिन्यात लागवड करता येते. एकदा बाहेर काढून वितळू दिलेले कंद मात्र पुन्हा गोठवता येत नाहीत, ते लवकरच लावावे लागतात. छप्पर म्हणजे पॉलिहाऊस. ते पाऊस अडवते, आणि आत लाल माती आणून उंच वाफे केले की पाण्याचा निचरा साधतो. तळेगाव दाभाडे परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे फ्लोरिकल्चर पार्क आहे. हरितगृहातील शेतीचे प्रशिक्षण देणारे केंद्रही तळेगावातच आहे. तरीही मावळची ओळख झाली ती गुलाबाने. फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाईन दिनासाठी येथील गुलाब दरवर्षी परदेशी जातो.

गुलाब आणि लिली यांचा हिशेब निराळा आहे. गुलाबाचे रोप एकदा लावले की काही वर्षे फुले देत राहते. लिलीचा कंद एकच दांडा देतो. तो पुन्हा पोसून, पुन्हा थंडी देऊन फुलवणे येथे परवडत नसल्याने बहुतेक शेतकरी प्रत्येक लागवडीस नवे कंद घेतात. म्हणजे मोठा खर्च आधी होतो, तर विक्री वाण व तापमान यांनुसार अडीच ते चार महिन्यांनी होते. खालच्या एक-दोन कळ्यांना रंग चढला की दांडा कापावाच लागतो, आणि शीतगृहातही तो थोडेच दिवस टिकतो. चांगल्या भावाची वाट पाहत गोदामात ठेवता येईल असा हा माल नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, लग्ने थांबली, मंदिरे व बाजार बंद झाले. तेव्हा फूलशेतकऱ्यांवर उमललेला माल तोडून फेकण्याची वेळ आली. माल उत्तम होता, फक्त गिऱ्हाईक नव्हते.

घरातील एखादा तरुण मावळात पॉलिहाऊस उभारण्याचा विचार करत असेल, तर वडीलधाऱ्यांनी त्याला नाउमेद करू नये; पण चार प्रश्न अवश्य विचारावेत. प्रशिक्षण घेतले काय? आरंभ दहा गुंठ्यांवर करणे शक्य आहे काय? कंद मागवण्यापूर्वी खरेदीदार ठरला आहे काय? आणि लागवडीची तारीख लग्नतिथींवरून उलटी मोजली आहे काय? चातुर्मासात लग्ने जवळजवळ नसतात. त्या काळातील सणांना बाजार झेंडू-शेवंती मागतो, लिलियम क्वचितच.

हौसेच्या बागेला एवढा हिशेब नको. थंडी दिलेले कंद ऑक्टोबरअखेर खोल कुंडीत लावावेत. कंदाच्या वरच्या दांड्यालाही मुळे फुटतात, म्हणून कंदावर दहा ते पंधरा सेंटिमीटर माती असावी. माती, वाळू व कोकोपीट यांचे मिश्रण, सकाळचे ऊन आणि मोकळा निचरा पुरेसा होतो. कंद काही दिवस फ्रिजमध्ये ठेवायचे झाल्यास फळांपासून दूर ठेवावेत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतील कळीला मारतो. घरात मांजर असल्यास मात्र हे फूल आणूच नये. त्याची पाने, पाकळ्या, परागकण, इतकेच काय फुलदाणीतील पाणीही मांजराच्या प्राणावर बेतते.

बंगल्याच्या उघड्या जमिनीत लोणावळ्याच्या पावसाशी जमवून घेणारी फुले निवडावीत. मे-फ्लॉवरचा लाल चेंडू पावसाच्या तोंडावर उमलतो. पावसाळी लिली सरीमागून फुलते, तर सोनटक्का, कर्दळ व तेरडा ओलीतच सुखावतात. यांतील कंदवर्गीय फुलझाडे कोरड्या दिवसांत निजतात आणि पावसाने जागी होतात, म्हणजे लिलियमच्या अगदी उलट. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणारी कळलावीही सुंदर असते. परंतु तिचा कंद अत्यंत विषारी असल्याने मुले खेळतात तेथे ती नसावी.

अनेक जैन घरांत कंद उकरून काढण्याविषयी संकोच असतो. पावसाळी लिली, मे-फ्लॉवर व सोनटक्का यांना दरवर्षी उकरण्याची गरजच नाही. जागच्या जागी राहून ती वाढतात. चातुर्मासात ओल्या मातीत असंख्य जीव वर आलेले असतात. त्या दिवसांत खुरपे बाजूला ठेवून केवळ फुले पाहावीत. बागेचे त्यात काहीही नुकसान होत नाही.