बुधवार पेठेवर हसणाऱ्यांनो, आपल्या बांधावर या



पुण्याला मोर्चा निघाला की आपल्या ट्रकमध्ये एक विनोद हमखास होतो. 'काय, बुधवारात चक्कर का?' गडी हसतात, मागे बसलेल्या बाया पदर तोंडाशी धरून खाली बघतात. हा विनोद आम्हाला खपत नाही.

याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, 1848 साली जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. (तो वाडा डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी पाडला.) आणि ज्या बायांवर तुम्ही हसता, त्यांत नेपाळ-बंगालहून आणलेल्या आहेत, तशा कर्नाटक सीमेवर यल्लम्माला सोडलेल्याही आहेत. देवाला सोडलेल्या पोरी बहुतेक दलित घरच्या. पाटलाची पोर कधी देवाला सोडलेली ऐकली का?

हे नशिबाने होत नाही. 1916 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला. आपल्या भाषेत सांगायचे तर जात म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला तुकडा. बांध टिकवायचा तर बाईवर पहारा हवा. म्हणून सती, म्हणून सक्तीचे वैधव्य, म्हणून बालविवाह. पुढचा धागा दलित स्त्रियांनी आणि पुणे विद्यापीठातल्या शर्मिला रेगे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ओढला. वरच्या जातीची बाई बांधाआड कोंडली जाते, खालच्या जातीची बाई वाटेवरच्या बोरीसारखी, येईल त्याने झोडावी. पहारा आणि झोडपणे, दोन्हींचा मालक एकच.

हे शहरी बायांचे फॅड आहे म्हणाल, तर ताराबाई शिंदे कुठल्या? बुलढाण्याच्या, आपल्याच कापूस-ज्वारीच्या मुलखातल्या, मराठा घरातल्या. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला स्वतःचे मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली (पुढे ती शिक्षा कमी झाली). वर्तमानपत्रे साऱ्या बाईजातीवर तुटून पडली. ताराबाईंनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापून पुरुषांना जाब विचारला. तेव्हा त्यांची पाठराखण केली ती जोतिरावांनी. त्यांनी 1863 सालीच अशा विधवांच्या बाळंतपणासाठी पुण्यात घर उघडले होते.

जोतिरावांची नजर पार अमेरिकेपर्यंत होती. 1873 ची 'गुलामगिरी' त्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. तिथली गुलाम बाई दिवसभर कापूस वेचायची, आणि मालकापासून तिला झालेले मूलही मालकाचे गुलामच ठरायचे. रंग, बाईपण आणि फुकटचे श्रम एकाच गाठीत बांधलेले. तिथल्या काळ्या स्त्रिया आजही म्हणतात, गाठ सोडायची तर सगळी सोडा, सोयीचा एक पदर ओढून चालणार नाही.

आता आपला बांध. 1986 ला चांदवडला हजारो शेतकरी बाया जमल्या, पुढे लक्ष्मीमुक्तीत बायकोच्या नावे जमीन करण्याची मोहीम झाली. चांगलेच झाले. पण जिच्या घरात गुंठाभरही जमीन नाही, ती निंदणीवाली कोणत्या सातबाऱ्यावर चढणार? गड्याला एक रोज आणि तिला त्याहून कमी, का तर 'बाईचे काम हलके'. दिवसभर उकिडवे बसून ज्याने निंदले असेल त्याने हे म्हणावे! 1976 ला समान मजुरीचा कायदा झाला, तो आपल्या धुऱ्यापर्यंत पोचला नाही. उत्पादन खर्च मांडताना सरकारने आपली मजुरी कमी धरली की आपण रस्ता अडवतो. तिची मजुरी कमी धरतो ते कोण? सरकार नव्हे.

'आधी भाव येऊ द्या, मग मजुरीचे बघू', असे काही कार्यकर्ते म्हणतात. भाव चढला त्या सालीही कोणी बघितले नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत: येत्या हंगामापासून कार्यकर्त्यांच्या शेतात निंदणीचा रोज बाईला गड्याइतकाच, आणि वेचणीचा किलोचा दर मजूर बायांसोबत बसून ठरवायचा. ज्यांचा विरोध असेल त्यांनी बैठकीत, त्या बायांसमोर उभे राहून बोलावे.